पिक्चर आपला, पण सातबारा कुणाच्या नावावर?

एप्रिल जवळ आला की आपल्या पोरांच्या शॉर्टफिल्म यायला लागतात. मोबाईलवर शूट केलेल्या, गावातल्याच पोरापोरींना घेऊन, वस्तीतच उरकलेल्या. काही कच्च्या असतात, काही मात्र अशा असतात की मोठमोठ्या बॅनरवाल्यांनी तोंडात बोट घालावं. मग लिंक शंभर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. "समाजाचा आवाज आहे, शेअर करा." आठ दिवस कौतुक होतं. त्यानंतर? कॅमेऱ्याचं भाडं, एडिटिंगचे पैसे, जेवणाचा खर्च त्या पोराच्या डोक्यावर तसाच राहतो. तो कुठेतरी डिलिव्हरीच्या कामाला लागतो. त्याची दुसरी फिल्म कधीच येत नाही.

आपल्याकडे टॅलेंट नाही ही जुनी थाप 'पिस्तुल्या', 'फँड्री' आणि 'सैराट'नंतर कुणी मारत नाही. प्रश्न दुसऱ्या फिल्मचा आहे, म्हणजे पैशाचा आहे. आणि पैशावर बोलायचं म्हटलं की आपली चळवळ लाजते.

चळवळीतले जुने लोक म्हणतात, "प्रबोधनाची कला विकायची नसते." मला त्यांना विचारायचंय, बाबासाहेबांनी 'मूकनायक' फुकट वाटला का? ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर, आणि त्याला वर्गणी होती. 'केसरी'ने तर पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. वितरणाची दारं आपल्यासाठी तेव्हाही बंदच होती, आजचं काही नवीन नाही. पुढे 'बहिष्कृत भारत' काढला तेव्हा बाबासाहेब अंकच्या अंक स्वतः लिहून काढत होते आणि त्याच अंकांतून समाजाकडे उघडपणे पैसे मागत होते. त्यांना मागायची लाज वाटली नाही. पैसे कमी पडले म्हणून पत्र बंद पडलं, हाही इतिहासच आहे. तो आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही.

आता भांडवलाचं बघू. सिनेमाच्या शाळेत पहिला धडा असतो: सुरुवातीचे पैसे घरच्यांकडून आणि मित्रांकडून उभे करा. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नीचे दागिने मोडले आणि १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यागाची गोष्ट म्हणून ती आपल्याला ऐकवली जाते. त्याग होताच, पण गहाण टाकायला आधी घरात काहीतरी असावं लागतं! १९१२ साली महारवाड्यात, मांगवाड्यात कुणाची विम्याची पॉलिसी होती? आजही ज्याच्या काकाचा पुण्यात फ्लॅट आहे आणि मामा अमेरिकेत आहे, त्याचा 'इंडिपेंडंट' सिनेमा होतो. आपल्या पोराचे घरचे आणि मित्र म्हणजे ऊसतोड, बिगारी, फार तर एखादा कंत्राटी शिक्षक. म्हणून 'इंडिपेंडंट' हा शब्द मला नेहमी खटकतो. बापाच्या भांडवलावर उभं राहणं हे कसलं स्वातंत्र्य?

इंटरनेटने हे बदलेल असं वाटलं होतं. कन्नडमध्ये पवन कुमारने ब्लॉगवर लिहून लोकांकडून सुमारे ५० लाख उभे केले आणि २०१३ ला 'लुसिया' आणला. शंभरेक माणसांनी पैसे लावले. चांगलंच झालं. पण ५० लाख भागिले शंभर करून बघा, माणशी किती पडतात. आपल्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये सहज पन्नास हजार काढून देणारी किती माणसं आहेत? क्राउडफंडिंग म्हणजे जादू नव्हे. तुमच्या ओळखीचा क्राउड जेवढा श्रीमंत, तेवढाच फंड. जात ऑनलाइन गेली म्हणून ओळखीपाळखी बदलत नाहीत.

मग आपल्याला जमणारं गणित कोणतं? ते १९७६ चं आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांवर उभा राहिला. दहा लाख रुपये झाले. आणि पैसे देणारेच पुढे प्रेक्षक झाले. हे जमलं कारण दूध संघाची यंत्रणा गावागावात आधीच तयार होती, दोन रुपये गोळा करायला वेगळा खर्च आला नाही. महाराष्ट्रालाही सहकार नवा नाही. सहकारातून साखर कारखाने उभे राहिले. त्यात काहींना चेअरमनपद मिळालं, आपल्या वाट्याला कोयता आला, ही गोष्ट वेगळी. पण ते हत्यार वाईट नाही. कायद्याने दहा माणसांत सहकारी संस्था नोंदवता येते.

आणि गावागावातली यंत्रणा आपल्याकडे नाही असं कोण म्हणतो? प्रत्येक वस्तीत जयंती मंडळ आहे. तिथे वर्गणी जमते, पावती फाडली जाते, आणि त्यातला केवढा पैसा एका रात्रीत डीजेच्या भिंतीत जातो ते तुम्ही-आम्ही सगळे बघतो. मी नाचण्याच्या विरोधात नाही, शतकानुशतकं ज्यांना वाजवायलाच ठेवलं त्यांनी एक रात्र स्वतःसाठी नाचावं. पण दहा बेसपैकी एक बेस कमी केला तर समतेचं कोणतं चाक निखळणार आहे?

आकडे मांडतो, हे माझं कागदावरचं गणित आहे. दीडशे माणसं, तिकीट ५० रुपये, एका वस्तीतल्या एका शोचे साडेसात हजार. शंभर वस्त्या केल्या की साडेसात लाख. प्रोजेक्टर, पडदा, प्रवास यांचे निम्मे गेले धरा. तरी पावणेचार लाख उरतात. त्यात बेताची का होईना, पण दुसरी फिल्म सुरू होते. आता यूट्यूबचं गणित बघा. जाहिरातीचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं वॉच टाइम लागतं. त्यानंतर त्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. मराठी व्हिडिओला लाख व्ह्यूज आले तरी हातात बऱ्याचदा काही हजारच पडतात. शिवाय फिल्ममध्ये अत्याचाराचं दृश्य असेल तर जाहिराती मर्यादित होऊ शकतात. म्हणजे आपली जी गोष्ट सांगायची आहे तिलाच बाजारभाव कमी! यूट्यूबवर जरूर टाका, पण शेवटी. आधी वस्ती, मग तिकीट लावून ऑनलाइन शो, त्यानंतर प्लॅटफॉर्म आणि सगळ्यात शेवटी फुकट. आपली पोरं हा क्रम पहिल्याच दिवशी उलटा करून टाकतात.

हे स्वप्नरंजन नाही. 'जय भीम कॉम्रेड' हा आनंद पटवर्धनांचा तीन तासांहून मोठा माहितीपट वस्त्यावस्त्यांत, उघड्यावर पडदा लावून लोकांनी पाहिला. तिकडे अमेरिकेत १९७१ ला मेल्विन व्हॅन पीबल्सचा 'स्वीट स्वीटबॅक' सुरुवातीला फक्त दोन थिएटरांना लागला. ब्लॅक पँथरवाल्यांनी तो आपला म्हणून उचलून धरला, त्याची गाणी आधीच बाजारात आणली होती, आणि त्याने एक कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, जोश घेतला, गल्लापेटी मात्र तिकडेच राहिली. नंतर अॅव्हा ड्युव्हर्नेने कृष्णवर्णीयांच्या फिल्म फेस्टिव्हलांनाच एकत्र जोडून २०११ पासून स्वतःचं वितरण उभं केलं. तमिळनाडूत पा. रंजित रजनीकांतबरोबर 'कबाली', 'काला' करून थांबले नाहीत, स्वतःची नीलम प्रॉडक्शन्स काढून त्यांनी मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाळ' आणला. एकाने दुसऱ्याचा हात धरला. आपल्याकडे एक पोरगा वर गेला की बाकीचे त्याच्याबरोबर सेल्फी काढतात.

"ओटीटीवाले घेतील" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. नेटफ्लिक्स ओळखपाळख नसलेल्या माणसाचा पिक्चर थेट बघतसुद्धा नाही, मध्ये एजंट लागतो. अनेक प्लॅटफॉर्म आता एकरकमी पैसे देत नाहीत, लोकांनी जेवढे तास बघितलं त्यावर हिशोब करतात, आणि मधल्या दलालाचा वाटा वेगळा जातो. ओटीटी म्हणजे दार नव्हे, दुसऱ्याचा वाडा आहे. जमलं तर जा, पण जाताना कागद वाचून जा.

कागदावर मी मुद्दाम थांबतो, कारण आपलं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता दिग्दर्शक नाही, निर्माता आहे. ज्याने पैसे लावले त्याच्या नावावर सातबारा. एखादा 'समाजाचाच माणूस' दोन लाख देतो, निर्माता म्हणून नाव लावतो, आणि ज्याने तीन वर्षं झिजून पिक्चर केला त्याला स्वतःचाच पिक्चर दाखवायला परवानगी मागावी लागते. म्हणून करार आधी, क्लॅप नंतर. हक्क देताना कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहिलंच पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणूनच समोरचा हुशार वकील "कायमचे, संपूर्ण विश्वासाठी, आजच्या व उद्याच्या सर्व माध्यमांसाठी" असं वाक्य हळूच घालतो. त्या वाक्याला पेन लावा. रिमेकचे हक्क तर वेगळेच ठेवा. 'सैराट'चे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली रिमेक झाले आणि हिंदीत 'धडक' झाला. 'धडक'मध्ये जात कुठे गेली ते भिंग लावून शोधा. रिमेकचा हक्क ज्याच्या हातात, जात पुसायचा रबरही त्याच्याच हातात.

सेन्सॉरचा अडथळा खरा आहे, तो मी लपवत नाही. सार्वजनिक शो करायचा तर प्रमाणपत्र लागतं, तिकीट असो वा नसो. २०२५ मध्ये 'फुले' सिनेमाला जातींच्या उल्लेखांवरून बदल सांगितले गेले आणि जोतिरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणारा सिनेमा २५ एप्रिलवर गेला. मोठ्या बॅनरची ही गत, तर आपली काय? म्हणून प्रमाणपत्राचा खर्च आणि वेळ बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. १४ एप्रिलला दाखवायचं असेल तर मार्चअखेरीस धावपळ करून उपयोग नाही.

आणि सरकारच्या भरवशावर बसू नका. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सरकारी पैशातून झाला, मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तमिळमधला पिक्चर तिथल्या थिएटरात लागायला २०१० उजाडलं. मराठी सिनेमाचं अनुदान आहे, तेही पिक्चर पूर्ण झाल्यावर. पोटाला आधी लागतं त्याचं काय?

पैसे गोळा करताना एक काळजी घ्या. "नफ्यात वाटा देतो" असं फेसबुकवर टाकून पैसे मागू नका, ती कायद्याने गुंतवणूक योजना ठरू शकते आणि सेबीची नोटीस येऊ शकते. आगाऊ तिकीट विका, देणगी घ्या किंवा संस्था नोंदवून सभासद करा. आणि प्रत्येक रुपयाचा हिशोब त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका जिथे पैसे मागितले होते. वर्गणी देणारा आपला माणूस चिकट नाही, तो फसलेला आहे. मंडळांनी, संघटनांनी, नेत्यांनी त्याला इतक्या वेळा टोपी घातली आहे की पावती पुस्तक दिसलं तरी तो दार लावून घेतो. त्याला भाषण नको, त्याला जमाखर्च दाखवा: कॅमेरा इतका, जेवण इतकं, कलाकारांचं मानधन इतकं. हो, मानधन. "समाजासाठी फुकट कर" हे वाक्य आपल्या सेटवर बंद झालं पाहिजे. वेठबिगारी वतनदार करून घेतो की आपलाच दिग्दर्शक, राबणाऱ्याला फरक पडत नाही.

येत्या जयंतीच्या पहिल्या मिटिंगला तुमच्या मंडळात एवढा एक ठराव मांडून बघा: यंदा एक बेस कमी, एका रात्री पडदा, ५० रुपये तिकीट, आणि गल्ला मोजताना फिल्म करणारी पोरगी किंवा पोरगा समोर बसलेला. कोण विरोध करतो, ते तेव्हाच कळेल.

जय भीम!