तिजोरी, जिना आणि कमी केलेली दोन माणसं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराची वाटणी झाली. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला खाली दुकान, वर माडी, अशी ती जागा. दादाजान रात्री दुकान बंद करून दिवसाचा गल्ला वर नेत, म्हणून त्यांची तिजोरी माडीवर होती. वाटणीत भांडी, कपाटं, पलंग सगळं निघालं. तिजोरी मात्र कुणी मागितली नाही आणि कुणी सोडलीही नाही. शेवटी ती धाकट्या चाचांकडे जायचं ठरलं. प्रश्न एवढाच राहिला, ती खाली कशी न्यायची?

वजन साधारण 400 किलो. जिना दगडी, 17 पायऱ्यांचा, सरळ आणि चांगलाच उभा.

एका ओळखीच्यानं मुकादमांचा नंबर दिला. ते आले, तिजोरीला हात लावला, दार उघडून जाडी बघितली आणि मग बराच वेळ जिनाच बघत बसले. मी म्हटलं, "मामा, वजन तर सांगितलं तुम्हाला." ते म्हणाले, "दादा, वजन तिजोरीचं नसतंय, जिन्याचं असतंय." सहा माणसं लागतील, नऊ हजार होतील, असं त्यांनी सांगितलं.

आमच्या थोरल्या भावानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली. एवढ्याशा कामाला नऊ हजार? तासाभराचं काम! सहा हजार घ्या. मुकादम थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, सहा तर सहा. पण मग चौघंच येतो." आम्ही खुशीत मान डोलावली. सहा माणसं हा भाव वाढवायचा बहाणा होता, असंच आम्हाला वाटलं.

हिशेब तर अगदी सरळ होता. सहा माणसांचे नऊ हजार, चौघांचे सहा हजार. मुकादमांनी माणशी दीड हजाराचा दर एका रुपयानंही कमी केला नव्हता. आम्ही तीन हजार वाचवले नव्हते, दोन माणसं कमी केली होती.

काम मी जवळून पाहिलं. ते पाहिल्यापासून हमालीला 'अंगमेहनत' एवढंच म्हणायला माझी जीभ वळत नाही. आधी तिजोरीतले कप्पे काढले, दार कुलूपबंद करून वरून दोर बांधला, म्हणजे ते मध्येच उघडणार नाही. पहारीनं एक कड उचलायची, खाली लोखंडी पाईप सरकवायचा, अशा रीतीनं ती जिन्याच्या तोंडाशी आणली. पायऱ्यांवर दोन जाड फळ्या टाकल्या. जाड दोर तिजोरीला बांधून माडीवरच्या दगडी खांबाला त्याचे तीन वेढे दिले, आणि मोकळं टोक एका माणसाच्या हातात.

हे तीन वेढे म्हणजे सगळ्या कामाचा जीव. जिन्याचा उतार 40 अंशांचा धरला तर 400 किलोंपैकी सुमारे 250 किलोंची ओढ थेट खाली, उताराच्या दिशेनं असते. फळीवरच्या घर्षणानं त्यातली काही कमी होते, पण उरते तीही दोघा-तिघांना हातानं धरून ठेवता येणारी नसते. दोर खांबाभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण अनेक पटींनी वाढतं, आणि तीच ओढ एक माणूस सावकाश ढील देत पेलू शकतो. बंदरात जहाज खुंटाला बांधतात ते याच नियमावर. इंजिनिअरिंग कॉलेजात या नियमाचं सूत्र शिकवतात. आमच्या मुकादमांना तो गुळाच्या बाजारात रवे उचलणाऱ्या वडिलांकडून आला. पण सरकारी कागदात आणि आपल्या तोंडात या माणसाचं नाव बहुतेक वेळा 'अकुशल कामगार'.

सहा माणसांचं गणित मला नंतर कळलं. दोघं दोरावर, दोघं पहारी घेऊन बाजूला, दोघं खाली फळ्या धरायला. फळ्या धरणारे दोघं असले की एक भिंतीकडेला आणि एक कठड्याकडेला उभा राहतो. तिजोरीच्या वाटेत कुणीच येत नाही. एकटा असला की दोन्ही फळ्या त्यालाच धराव्या लागतात, आणि मग त्याला मधोमध, बरोबर तिजोरीच्या खाली उभं राहावं लागतं.

नवव्या पायरीवर एक फळी तिरकी झाली. तिजोरी दोन पायऱ्या घसरली आणि दोर ताणून थांबली. खालच्या पोरानं भिंतीकडे उडी मारली, पण डावा पाय पुरता निघाला नाही. दोन बोटं चिरडली. वय चोवीस. वर दोरावरचा माणूस एकटा होता. त्यानं टोक सोडलं असतं तर मी आज बोटांबद्दल लिहीत नसतो.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पण दीड महिना तो कामावर जाऊ शकणार नव्हता, त्याचं काय? यावरून घरात वाद झाला. भावाचं म्हणणं, "त्यांचं रोजचं काम आहे, काळजी त्यांनीच घ्यायला हवी होती. आपण थोडंच ढकललं?" अम्मींनी एकच प्रश्न विचारला, "दोन माणसं कुणी कमी केली?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. दीड महिन्याची मजुरी आम्ही भावाभावांनी वाटून दिली. हे औदार्य म्हणून सांगत नाही. ते आमचं देणं होतं, आणि तेही अम्मींनी विचारलं म्हणून दिलं.

हमालांसाठी महाराष्ट्रात कायदा आहे, आणि तो देशात आगळा मानला जातो. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या माथाडी चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी मंडळामार्फत द्यायची, वर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधपाणी. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमाली हा हक्काचा, प्रतिष्ठेचा धंदा आहे हे सांगण्यात हयात घालवली. एकेकाळी पाठीवर 100 किलोचं पोतं असे, ते 50 किलोंवर आणण्यात हमाल संघटनांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 मध्येच एका पुरुषाच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली होती.

पण हा कायदा बाजार समिती, गोदाम, कारखाना यांचा विचार करून केलेला. तुमच्या-माझ्या घरातून एका सकाळी तिजोरी खाली नेणाऱ्या चौघांपर्यंत तो सहसा पोहोचत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत मिळते. मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. दोन बोटं आणि दीड महिन्याची बुडालेली मजुरी त्यात कुठेच बसत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माथाडीच्या नावाखाली अडवणूक होते, काम न करता पैसे मागितले जातात, ही व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नाही. तेच कारण देऊन सरकारनं 2023 मध्ये कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, आणि खऱ्या माथाडींच्या संघटनांनी त्याला विरोध केला. पण खंडणी मागणारा आणि तिजोरीखाली उभा राहणारा हे एकच लोक नव्हेत. पहिल्याचा राग आपण दुसऱ्यावर काढतो, कारण घासाघीस करायला तोच समोर सापडतो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची (स.) शिकवण जुम्म्याच्या बयानात आपण लहानपणापासून ऐकतो. ती सोयीची आहे. ठरलेले सहा हजार आम्हीही त्याच संध्याकाळी चुकते केले होते. हजरत अबू जर यांना दिलेली दुसरी ताकीद त्यामानानं कमी ऐकू येते. तिचा आशय असा, की हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत. त्यांच्या ताकदीपलीकडचं ओझं त्यांच्यावर टाकू नका, आणि टाकलंच तर स्वतः हात लावा. पहिली शिकवण मजुरी वेळेवर मागते. दुसरी मजुरी ठरवायच्या आधीचा प्रश्न विचारते, की ओझं किती आणि ते वाहणारे किती? त्या सकाळी आम्ही तिघं भाऊ जिन्याच्या वरच्या टोकाला उभे होतो. एकाचाही हात दोराला नव्हता.

तिजोरी जड असते ती मुद्दाम. पोलादी पत्र्यांच्या मध्ये आगीला दाद न देणारा थर भरलेला असतो. चोराला उचलता येऊ नये, आगीत आतलं जळू नये, म्हणून आपण ते वजन पैसे मोजून विकत घेतो. मग ते हलवायची वेळ आली की त्याच वजनाचे पैसे द्यायला कुरकुर का करतो?

आता माझं मत सरळ सांगतो. भाव करायचा असेल तर टेम्पोचा करा, दिवसाचा करा, दोन ठिकाणी चौकशी करून दर विचारा. माणसांच्या संख्येवर भाव करू नका. मुकादम सहा म्हणाले तर सहा का, ते विचारा, ऐका, आणि परवडत नसेल तर काम पुढे ढकला. वजन लपवू नका. ओझ्याच्या खाली, वाटेत कुणी उभं राहणार असेल तर काम तिथंच थांबवा, मग तो स्वतः "काय होत नाही" म्हणत असला तरी. आणि कुणाला लागलं तर दवाखाना कोण करणार, बुडालेली मजुरी कोण देणार, हे काम सुरू व्हायच्या आधी चार माणसांदेखत बोलून घ्या.

तिजोरी आता चाचांच्या घरी आहे, तळमजल्यावर. दोन माणसं जादा बोलावून ती त्याच दुपारी खाली आली. मुकादमांनी त्या दोघांचे तीन हजार घेतले. एकूण नऊ हजारच झाले.