रुसलेल्यांनीच मतं दिली

अमेरिकेतल्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यावर, म्हणजे ओबामांच्या त्या गाजलेल्या कायद्यावर, परवा एका विद्वानांचं विवेचन वाचनात आलं. म्हणणं थोडक्यात असं: पुरोगामी मंडळी हट्टी. सगळ्यांना सरकारी विमा हवा म्हणून रुसून बसली, तडजोडीला दगाबाजी म्हणाली, कायदा जवळजवळ बुडवला. शहाण्या मध्यममार्गींनी तो तारला. राजकारणात थोडं सोडावं लागतं, हे यांना कोण शिकवणार?

शिकवायला हे विद्वान आहेतच.

आधी मतं मोजू. २१ मार्च २०१० ला प्रतिनिधिगृहात विधेयक २१९ विरुद्ध २१२ असं काठावर पास झालं. ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या ३४ जणांनी विरोधात मत दिलं. बहुतेक कोण? पक्षातले उजवीकडे झुकलेले. रुसलेले पुरोगामी खासदार कुसिनिच नोव्हेंबर २००९ च्या पहिल्या मतदानात विरोधात होते. मार्चमध्ये नाक मुरडत का होईना, बाजूने उभे राहिले. सिनेटमध्ये पुरोगामी बर्नी सँडर्सही बाजूनेच. ‘मारून टाका हे विधेयक’ असं बाहेरून ओरडणारे होते, पण त्यांना मतच नव्हतं.

आता ती लाडकी सबब. सिनेटमध्ये ६० मतं लागत होती, म्हणून खासगी विम्यांच्या जोडीला सरकारी विम्याचा पर्याय ठेवणं सोडावंच लागलं. डिसेंबर २००९ पुरतं हे खरं. कनेक्टिकटचे सिनेटर जो लीबरमन अडून बसले. त्याऐवजी ५५ व्या वर्षापासून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घेऊ द्यायचं ठरलं, तर तेही नको. तीनच महिन्यांपूर्वी हीच कल्पना त्यांना पसंत होती! (त्यांच्या राज्यातलं हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर, हा निव्वळ योगायोग समजू.) बरं, पण जानेवारीत सिनेटमधली मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकनांकडे गेली, साठ उरलेच नाहीत, तेव्हा नेत्यांनी काय केलं? साध्या बहुमतावर भागणारी अर्थसंकल्पी वाट धरली आणि २५ मार्चला दुरुस्त्या ५६ विरुद्ध ४३ ने पास करून घेतल्या. याच वाटेने सरकारी विम्याचा पर्यायही मतदानाला आणा, असं काही सिनेटरांनी फेब्रुवारीत लेखी मागितलं होतं. प्रतिनिधिगृहाने तर तो नोव्हेंबरातच मंजूर केला होता. तरी आणला नाही. आणला असता तर कदाचित पडला असता. पण मतदानालाच न ठेवता ‘शक्यच नव्हतं’ म्हणायचं, हा कुठला व्यवहारवाद? आणि एवढं सोडून दिल्यावर अंतिम मतदानात रिपब्लिकनांची मतं किती मिळाली? दोन्ही सभागृहांत मिळून शून्य.

सूर ओळखीचा आहे. आपल्याकडे जादूटोणाविरोधी विधेयकातली कलमं वर्षानुवर्षं गाळली जात होती, तेव्हाही व्यवहारज्ञानाचे डोस कुरकुरणाऱ्यांनाच पाजले गेले. गाळणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही.

हट्टाचं म्हणाल, तर मे २००९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीसमोर काही डॉक्टर, परिचारिका उठून विचारत होते, सर्वांसाठी एकच सरकारी विमा मागणारा एकही साक्षीदार इथे का नाही? त्यांना अटक झाली.

मग माझं म्हणणं काय? कायदा झाला ते चांगलंच झालं. जुना आजार दाखवून विमा नाकारणं बंद झालं, २६ वर्षांपर्यंतची मुलं आईबापांच्या विम्यात राहिली, कोट्यवधींना विमा मिळाला. पण कुरकुर चालू ठेवणं हेही कामच होतं. सँडर्स यांनी सर्वांसाठी एकच सरकारी विमा मागणारी आपली दुरुस्ती मागे घेतली, तगादा सोडला नाही. सामुदायिक दवाखान्यांसाठी ११ अब्ज डॉलर कायद्यात आले ते त्यातून.

सरकारी विम्याचा पर्याय देशपातळीवर आजतागायत आलेला नाही. तो अडवणाऱ्यांत रुसलेला पुरोगामी एकही नव्हता.