खाटेला पैसा, पावलांना नाही
मेंदूचा रक्तपुरवठा अल्पकाळ खंडित होऊन आलेला पक्षाघाताचा सौम्य झटका २४ तासांच्या आत ओसरतो आणि वृद्ध ‘बरा’ ठरतो. परंतु पुष्कळांचा तोल त्यानंतरही ढळत राहतो. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे, टाचेला अंगठा जुळवीत चालणे, हे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे करावे लागतात. २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारतचे वार्षिक ५ लाखांचे कवच मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र ते रुग्णालयातील खाटेचे. घरी परतल्यावर १५ दिवसांत संपणारे. पडून खुबा मोडला तर शासन पैसे मोजणार, पडू नये म्हणून नाही! हे कसले अर्थशास्त्र? हमालाने, मोलकरणीने व्यायामाची फी आणावी कोठून? प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस तरी भौतिकोपचारतज्ज्ञ हवा, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेत लावून धरावी.