लेक्चर झालं, हात शिकले का?

आरे-वारे म्हणजे रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरचा हमखास फोटो पॉइंट. पण याच समुद्रात जुलै २०२५ मध्ये चार जण बुडून गेले. पाण्याबाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल, तर हाती मोजकीच मिनिटं असतात. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सीपीआर द्यायचा तो किनाऱ्यावरच्यांनीच.

तो शिकायचा कुणाकडून? बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूच संपत आलेला असतो, म्हणून छाती दाबण्याआधी तोंडाने श्वास द्यायचा. हे 'का' समजायला प्राध्यापकांचं लेक्चरच हवं. पण मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देणं वही भरून येत नाही. तिथं सीनियर किंवा बाकावरचा मित्र कामी येतो. 'अरे, कोपर वाकतंय तुझं!' असं तो लगेच सांगतो. सरांना विचारायला संकोच वाटतो तो प्रश्न त्याला बिनधास्त विचारता येतो. शिकवता शिकवता त्याचंही पक्कं होतं.

धोका एकच. मित्राची चूक तुमच्याकडे जशीच्या तशी उतरते. म्हणून शेवटची तपासणी शिक्षकांचीच.

तेव्हा मेडिकल-नर्सिंगच्या दोस्तांनो, लेक्चर बुडवू नका, पण तिथंच थांबूही नका. पुतळ्यावर सराव करा, सरांकडून तपासून घ्या, मग आर्ट्स-कॉमर्सच्या दोघांना शिकवा. आणि पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, हेही त्यांना तुम्हीच सांगा. सूचनाफलकापेक्षा मित्राचं जास्त ऐकलं जातं.