पाणी टाका, जाऊ द्या!

"पाणी टाका, जाऊ द्या" हे आपल्या गॅरेजवाल्यांचं ब्रीदवाक्य म्हणून जाहीर करायला हरकत नाही. लासलगावच्या घरच्या जुन्या गाडीचं कूलंट दर आठवड्याला बोटभर कमी व्हायचं आणि गॅरेजमधून उत्तर मात्र हेच. तिसऱ्या खेपेला तर रेडिएटरमध्ये लीक बुजवणारं औषध ओतायला निघाले. अहो, पण लीक आहे कुठे? ते कोणी बघितलंच नव्हतं!

आमच्या धंद्यातही मेमरी लीक असला की रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करणारे महाभाग असतात. पण सर्व्हर निदान कसारा घाटात तरी बंद पडत नाही.

बोअरचं पाणी ओतत राहिलं की कूलंट पातळ होतं, उकळायचं तापमान उतरतं, गंज रोखणारी रसायनं विरळ होतात आणि आत क्षार धरतात. औषधाचं तर विचारूच नका. लीक सोडून हीटरच्या बारीक नळ्या तुंबवायचीच शक्यता जास्त.

लीक शोधणं म्हणजे रॉकेट सायन्स नाही. गरम इंजिनावर पडलेला थेंब वाळून जातो, म्हणून सकाळी थंड गाडी बघायची. होजच्या क्लॅम्पपाशी पांढरट-हिरवट डाग शोधायचे. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब आला म्हणजे आतलं सील गेलं. तरीही सापडत नाही? मग थंड इंजिनावर कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर लावायचा, कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघायचं. काटा पडतोय, पण बाहेर थेंब नाही? मग डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आहे का बघा. तेही कोरडं असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. (कॅपही तपासा. ती दाब धरत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.)

"गिऱ्हाईकाला वेळ नसतो हो." मान्य! कांद्याचा पिकअप लिलावाला पोचायचा असतो. पण मे महिन्याच्या उन्हात बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तास काढायचा, तोही अर्ध्या कूलंटवर? हेड वाकलं की कांद्याचे आलेले पैसे थेट गॅरेजच्या गल्ल्यात. पाणी टाकायला सांगणाऱ्याच्याच!

याच लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचं केंद्र उभारलं. आणि आपण एक हातपंप आणि काटा घेऊ शकत नाही? पुढच्या वेळी कोणी पाण्याची बाटली पुढे केली तर आधी टेस्टर मागा. नसेल तर सरळ दुसरं गॅरेज गाठा.