'पाणी वाचवा' लिहून झालं, आता मोजायला शिकवूया

२२ मार्चचा जागतिक जल दिन आला की शाळाशाळांत काय चालतं, ते शिक्षक मित्रांनो, आपल्याला ठाऊकच आहे. प्रभातफेरी, घोषणा, निळ्या थेंबाची पोस्टर्स. 'पाणी हेच जीवन' तर प्रत्येक वहीत! पण त्याच मुलांना विचारून बघा, "विहिरीत पाणी येतं कुठून?" हमखास कुणीतरी सांगतं, जमिनीखाली नदी आहे म्हणून.

हा समज निबंधाने जात नाही, प्रयोगाने जातो. हँडवॉशच्या रिकाम्या बाटल्यांचे दोन पंप घ्या. एकाची नळी अर्धी कापा. दोन्ही पंप रुंद तोंडाच्या पारदर्शक बरणीत उभे धरून भोवती बारीक खडी भरा (आधी खडी भरली तर नळ्या आत जात नाहीत). मग पाऊण बरणीपर्यंत पाणी ओता. पाणी खडीच्या फटींत जाऊन बसतं. भूजल असंच असतं. आपल्या काळ्या पाषाणात तर फटी याहून कितीतरी कमी. आखूड नळी म्हणजे विहीर, लांब नळी म्हणजे बोअर. मुलांना दोन्ही पंप दाबू द्या. थोड्या वेळात विहीर नुसती हवा ओढते, बोअरला मात्र पाणी येतच राहतं.

मग प्रश्न येतो, "सर, आमच्या बोअरमुळे शेजारच्यांची विहीर आटली का?" माझ्या मते खरा धडा इथे सुरू होतो. 'नळ बंद करा' सांगणं सोपं आहे, कारण त्यात कुणी दुखावत नाही. पण हा प्रश्न टाळू नका. दोन्हींचं पाणी एकाच थरातलं असेल तर तसं होऊ शकतं, असं सरळ सांगा. आणि पालकहो, घरी हाच प्रश्न आला तर मुलावर डाफरू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हाच प्रश्न ग्रामसभेत घेतला. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

शाळेपुरता ताळेबंद मुलंही मांडतात. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छत १०० चौरस मीटर आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर ५०,००० लिटर! "मग हे गटारात का जातं?" असं मुलं विचारणारच. छताला पन्हळ बसवण्याचा अर्ज मुख्याध्यापकांना त्यांनाच लिहू द्या. मराठीचा पत्रलेखनाचा तासही त्यातच होऊन जाईल.