मोटर, पुंगळी आणि कायदा

अमेरिकेतील बंदुकांविषयी आपल्याकडे लिहिले-बोलले जाते ते बहुधा एखाद्या हत्याकांडानंतर. बंदूक कोणाला मिळाली, कशी मिळाली, याची चर्चा चार दिवस रंगते आणि विरून जाते. बंदुकीत भरायच्या काडतुसाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या देशात वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचा उद्योग अनेक पिढ्या चालत आला आहे आणि तो कायद्याला पूर्णपणे मान्य आहे. या उद्योगासाठी हौशी माणसे पुंगळ्या कातरणारे एक छोटे विजेवरचे यंत्र स्वतःच्या हाताने जुळवतात. वरवर पाहता हा एक निरुपद्रवी विरंगुळा आहे. परंतु शस्त्रांवर नियंत्रण ठेवायचे तर कायद्याने नेमके कशावर बोट ठेवावे, हा मोठा प्रश्न या क्षुल्लक यंत्रातून उभा राहतो.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी प्रायमरची टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तिन्ही खर्ची पडतात आणि चौघांत बहुधा सर्वांत महाग अशी पुंगळी तेवढी शिल्लक राहते. ती टाकून देणे काटकसरी माणसाच्या जिवावर येते. मात्र बाराच्या दाबाने ती फुगलेली असते. साच्यात दाबून तिला मूळ आकारावर आणताना पितळ पुढे सरकते आणि मान लांब होते. .223 रेमिंग्टन या प्रचलित काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी 1.760 इंच ठरलेली आहे. कातरून ती 1.750 इंचावर आणतात. हा फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. पण लांबलेली पुंगळी तशीच वापरली तर तिचे तोंड नळीच्या आरंभी दबते, गोळी आवळली जाते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. तेव्हा कातरणे ही हौस नव्हे. बंदूक चालवणाऱ्याच्या डोळ्यांची आणि बोटांची ती काळजी आहे.

मग मोटर कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. 1870 च्या दशकात गव्यांची शिकार करणारे लोक मुक्कामाच्या तळावरच काडतुसे भरून घेत. 1884 मध्ये जॉन बार्लो यांच्या कंपनीने त्यासाठी हाताने चालवायची अवजारे विकायला आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन ती या हौशी मंडळींना पुरवली. या साऱ्या काळात कातरण्याचे काम एका हाताने दांडा फिरवून होत असे. हरणाच्या हंगामाला वीसपंचवीस काडतुसे लागणाऱ्या शिकाऱ्याला तेवढे पुरे होते. काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींवरील दहा वर्षांची संघीय बंदी 2004 मध्ये संपली आणि एआर-15 जातीच्या रायफली घरोघर पोचल्या. वीस काडतुसांच्या जागी हजार आली आणि मनगटे दुखू लागली. तेव्हा कुठे जुन्या ड्रिलची मोटर, पाते आणि लांबी ठरवणारा आडोसा यांची सांगड घालण्याची युक्ती सर्वत्र पसरली. म्हणजे ही मोटर कौशल्याची खूण खरीच. पण त्याहून अधिक ती संख्येची खूण आहे.

या हौशी कारागिराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे होईल. नेमबाजीत अचूकता हवी असलेल्या खेळाडूला प्रत्येक काडतूस सारखे लागते आणि ते हाताने भरल्याखेरीज साधत नाही. 2012 अखेर सँडी हूकच्या शाळेतील हत्याकांडानंतर, आणि पुन्हा 2020 च्या साथीत, दुकानांतील काडतुसे संपली. त्या वेळी पुष्कळांना हाच आधार वाटला. स्वतःच्या हाताने वस्तू घडवण्याचा आनंद यात आहे आणि तो कोणालाही समजेल असा आहे.

प्रश्न कायद्याचा आहे. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर 1968 मध्ये झालेल्या कायद्याने काडतुसाच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू ही चारही अंगे घेतली आणि विक्रीची नोंद बंधनकारक केली. 1986 च्या दुरुस्तीने ही नोंद बहुतांशी उठवली. आता संघीय कायदा काडतूस भरणाऱ्याला मुख्यतः एकच प्रश्न विचारतो : हे स्वतःसाठी की विकण्यासाठी? विकायचे तर परवाना हवा. स्वतःसाठी हवी तेवढी भरा. ही सीमारेषा किती पुसट आहे ते 2017 च्या लास वेगासच्या हत्याकांडाने दाखवले. तेथील मारेकऱ्याला काडतुसे विकणारा ॲरिझोनातील इसम घरूनच हा व्यवसाय करीत होता. चिलखतभेदी काडतुसे परवान्याशिवाय बनवल्याबद्दल 2020 मध्ये त्याला तेरा महिन्यांची कैद झाली. कायदा जागा झाला तो साठ जीव गेल्यानंतर.

कातरणी यंत्रावर बंदी घालण्याची कल्पना हास्यास्पद आहे. मग प्रत्येक ड्रिलवरच बंदी घालावी लागेल. परंतु घरगुती स्वावलंबन एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण म्हणजे प्रायमर. तो धक्क्याने पेटणारा स्फोटक पदार्थ असल्याने गॅरेजमध्ये बनत नाही. मोजक्या कारखान्यांतूनच येतो. त्यांतील फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही नावे 2024 मध्ये एका झेक उद्योगसमूहाच्या मालकीची झाली. स्वावलंबनाची ही दोरी अखेर परदेशी हातात गेली, ही गंमतच म्हणायची. नोंद ठेवायची तर ती इथेच ठेवता येईल. कॅलिफोर्नियाने काडतूस खरेदीदाराच्या पडताळणीचा नियम 2016 च्या जनमतातून आणला आणि 2019 पासून अमलात आणला. पण तोही भरलेल्या काडतुसापुरता. सुटे भाग त्यातून निसटले. पुढे 2022 च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाच्या आधारे 2024 मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो नियमच घटनाबाह्य ठरवला आणि वाद वरच्या न्यायालयात गेला.

आपल्याकडे नेमके उलटे टोक आहे. लिटनच्या 1878 च्या कायद्यामागे नि:शस्त्र प्रजेची कल्पना होती. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याने तो मोडीत काढला. तरी परवान्याविना काडतूस बनवणे हा गुन्हाच राहिला. इतकेच नव्हे, तर काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्रीही या कायद्याने 'दारूगोळ्या'तच मोजली आहे. खडकी-वरणगावच्या कारखान्यांत जे चालते ते घरी चालू नये, हा त्यातला आशय. त्याची झळ आपल्या नेमबाजांना लागत असेल; पण काडतूस ही सार्वजनिक चिंतेची वस्तू आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

अमेरिकेने आपली व्यवस्था उचलावी, असे सुचवण्याचे कारण नाही. तिथल्या हौशी माणसाची मोटर खुशाल फिरत राहो. परंतु पुंगळीची लांबी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या समाजाने, प्रायमर किती आणि कोणाकडे गेले हेही मोजायला काय हरकत आहे? एका मोजमापाने बंदूक चालवणाऱ्याचे डोळे वाचतात. दुसऱ्याने कदाचित तिच्यासमोर सापडणाऱ्यांचे प्राण वाचतील.